पावती कुणाच्या नावाने

मंडळीच्या खजिनदाराला वचन सांगायला सहसा कुणी उभं करत नाही. त्याचं काम संदेश संपल्यावर सुरू होतं. अर्पणाच्या थैल्या फिरून आल्या, पाळकांनी प्रार्थना केली, की मागच्या खोलीत त्या टेबलावर उलट्या करायच्या, दोघा पंचांसमक्ष पैसे मोजायचे, आकडा रोजमेळात लिहायचा आणि तिघांनी सह्या करायच्या. घड्या घालून घालून मऊ पडलेल्या दहाच्या नोटा, शब्बाथ शाळेच्या पोरांची नाणी, आणि आता भिंतीवर क्यूआर कोड लावल्यापासून मोबाइलवर वाजणारे मेसेज. "शिष्यांमध्ये थैली कुणाकडे होती, ठाऊक आहे ना?" हा विनोद प्रत्येक नव्या खजिनदाराला ऐकावा लागतो. उत्तर योहानाच्या शुभवर्तमानात आहे: यहूदा इस्कार्योतकडे. हल्ली मीच तो आधी सांगून मोकळा होतो.

पोटापाण्याचा धंदाही हिशेबनिसाचाच. जळगावात बसून लहान संस्थांची पुस्तकं लिहितो. त्यात देवस्थानं आहेत, एक वाचनालय आहे, आणि जळगाव, भुसावळ, धुळे, साक्री या भागातल्या काही ख्रिस्ती मंडळ्या आहेत. १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा सगळ्यांना सारखाच लागू. मारुतीचं देऊळ असो की चर्च, ताळेबंद परिशिष्ट आठमध्येच मांडायचा आणि जमाखर्च परिशिष्ट नऊमध्ये. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सगळे देव एकाच बाकावर बसून आपल्या नंबराची वाट बघतात.

पण ख्रिस्ती मंडळ्यांचे हिशेब लिहिताना एक जादा काम अंगावर येतं, ते देवळांच्या बाबतीत येत नाही. इथे जवळजवळ प्रत्येक रकमेमागे कुणीतरी शास्त्राचं वचन लावलेलं असतं. दशमांश का द्यायचा, पाळकाचा पगार किती असावा, जागा विकावी की राखावी, एखाद्या पंचाने नवीन गाडी घेतली तर त्याच्याकडे कसं बघायचं, प्रत्येक गोष्टीला अध्याय आणि ओवी. आणि वचनं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. श्रीमंत तरुणाला येशू सगळं विकायला सांगतो. जक्कय अर्धीच मालमत्ता देतो म्हणतो तर तेवढ्यावरही त्याच्या घरी तारण येतं. आणि बेथानीच्या मार्था-मरीयेला तर घर सोडा असं कुणीच म्हणत नाही, उलट येशू त्याच घरी जेवायला जातो. मग आपल्याला लागू कोणतं?

खानदेशात या प्रश्नाला इथलं स्वतःचं वळण आहे. पूर्वेकडे, म्हणजे आताच्या जळगाव जिल्ह्यात, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक आले, आणि पश्चिमेला, धुळे-नंदुरबारच्या बाजूला, स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे. हे दुसरं मिशन फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी १८९० साली शिकागोत काढलं आणि १९४९ साली त्याचं नाव बदलून 'टीम' झालं. ढोबळ वाटणी सांगतोय, सरमिसळ होतीच. भुसावळला शिवाय रेल्वेबरोबर आलेले गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक. अलायन्स काय किंवा फ्रान्सन यांचं मिशन काय, पगाराची हमी न मागता देव पुरवील या भरवशावर निघायचं, अशा शिकवणुकीतून ही माणसं घडलेली. स्वतःच्या देशात ती साधीच गणली जायची. पण इथल्या भिल्लाला आणि मांग-महाराला दिसला तो कौलारू बंगला, त्याभोवतीचं कंपाउंड आणि पुढे जीप. काही नसल्याच्या भरवशावर आलेल्या माणसाकडे गावातलं सगळ्यात मोठं घर. जुनी माणसं हे सांगताना चिडत नाहीत, हसतात.

आता ज्या प्रसंगाने मला स्वतः शास्त्र उघडायला लावलं, तो सांगतो.

साक्री तालुक्यातल्या एका गावात मंडळीचं वार्षिक पुस्तक तपासायला गेलो होतो. रविवार होता. तरुण पाळक, तळमळीचा. त्याने मलाखीचा तिसरा अध्याय घेतला, आठव्या ओवीपासून: लोक देवाला ठकवतात, कशात ठकवतात तर दशमांशात आणि अर्पणात, ते भांडारात आणा, मग आकाशाच्या खिडक्या उघडतात की नाही बघा. उपासना सुटल्यावर बाहेर निंबाखाली चहा चालला होता. एक म्हातारी बाई आली, डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली आणि पाळकाला म्हणाली, "मन्हाजोडे दोनच बकऱ्या शेतस, भाऊ. दहा व्हतीन तवय एक देसू."

सगळे हसले. पाळकही हसला, पण त्याने नीट समजावलं. माय, तसं नसतं. बकरीची किंमत धर, तिचा दहावा हिस्सा काढ, तेवढे पैसे दे. बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कापीसन देऊ का?"

तिथल्या तिथे मी काही बोललो नाही, हिशेबनिसाने बोलायचं नसतंच. पण रात्री मुक्कामाला धुळ्याला आलो आणि लेवीय उघडलं. सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी जनावरांच्या दशमांशाचा नियम आहे. कळप मेंढपाळाच्या काठीखालून एकेक करून जाऊ द्यायचा. जे दहावं जनावर निघेल ते देवाचं. चांगलं की वाईट निवडायचं नाही, अदलाबदल करायची नाही. बस्स. किमतीचा हिशेब तिथे नाही, अपूर्णांक नाही. दोन बकऱ्या काठीखालून गेल्या तर दहावी येतच नाही. म्हणजे बाईचं गणित हेच मोशेचं गणित होतं, आणि हसलो होतो आम्ही.

मग झोप गेली ती गेलीच. अनुवाद हे पुस्तक काढलं. चौदाव्या अध्यायात दशमांशाचं जे वर्णन आहे ते मी कधी कुठल्या मंचावरून ऐकलं नव्हतं. शेताचा दहावा हिस्सा घेऊन देवाने नेमलेल्या ठिकाणी जायचं आणि घरच्या माणसांसह तो तिथे स्वतः खायचा. गाव लांब असेल तर तो विकून पैसे बांधून न्यायचे आणि तिथे मन मागेल ते विकत घेऊन आनंद करायचा. लेव्याला मात्र विसरायचं नाही, कारण त्याला जमिनीचा वाटा नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी दशमांश कुठेही न्यायचा नाही. आपल्याच गावाच्या वेशीत साठवायचा, आणि तिथला लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचा.

विधवा. ती बाई विधवा होती. मोशेच्या यादीत तिचं नाव घेणाऱ्यांत होतं आणि आम्ही तिला देणाऱ्यांत घातलं होतं.

हिशेबाच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो: पावतीवर नाव पाहिजे. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, पण नाव नसेल किंवा भलत्याच नावाने फाडली असेल तर ती पावती कागदाचा तुकडा. माझं तेव्हापासून असं मत झालं आहे की धनाबद्दलच्या वचनांनाही हाच नियम लावावा. हे कुणाला सांगितलं? त्याच्याकडे तेव्हा काय होतं? आणि आता ते कोण कुणाला वाचून दाखवतंय? श्रीमंत तरुणाला दिलेली आज्ञा त्या तरुणाच्या नावाने आहे. ती भूमिहीनाच्या हातात देता येत नाही. आणि ज्याच्याकडे ओलिताची वीस एकर आहे त्याला, ती माझी नव्हेच, असं म्हणून परतही करता येत नाही.

मलाखीचंच बघा. पाळकाने आठव्या ओवीपासून सुरुवात केली होती, सगळेच तिथून करतात. तीनच ओव्या मागे गेलं तर पाचवीत देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला येतो आहे ते लिहिलं आहे: मजुराची मजुरी अडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. हेच ते ठकवणारे लोक. आता केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, मजुराची मजुरी कोण थकवतो आणि दशमांशाचा संदेश कोण ऐकतो, याची यादी करा. माझ्या अनुभवात त्या दोन याद्यांत एकही नाव सामाईक नसतं.

हे मी पुढच्या खेपेला त्या पाळकाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, मग माझ्या घरी चूल कशी पेटवायची?"

याचं उत्तर सोपं नाही, आणि ते सोपं असल्याचा आव आणणाऱ्यांचा मला राग येतो. परदेशी मिशनचे पैसे हळूहळू आटले. खेड्यातल्या पाळकाचं मानधन आज शाळेतल्या शिपायाच्या पगारापेक्षा कमी असतं, तेही महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. लेव्याला जमीन नव्हती म्हणून त्याला दशमांश होता, असं गणनाचा अठरावा अध्याय सांगतो, आणि याही लेव्याला जमीन नाही. शिवाय त्याच अध्यायाप्रमाणे लेव्याने मिळालेल्या दशमांशातला दशमांश वर याजकाला द्यायचा. हा पाळकही मानधनातून न चुकता देतो, त्याच्या पावत्या मीच लिहितो. शुभवर्तमान सांगणाऱ्याने शुभवर्तमानावर जगावं असं पौल करिंथकरांना लिहितो, पण स्वतः मात्र तंबू शिवून जगतो. मी ही आठवण काढली तर पाळक म्हणाला, "मला तंबू शिवता येत नाही. आणि इथे घेतं कोण तंबू?"

म्हातारीची गोष्टही मी मांडली तितकी सरळ राहिली नाही. त्या वर्षी कापणीच्या सणाला मी मुद्दाम गेलो. आमच्याकडे हा सण म्हणजे वेदीपुढे बाजरीची आणि दादरची पोती, डांगरं, भरताची वांगी, केळीचे घड आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की लिलाव. तीस रुपयांचं डांगर पाचशेला जातं, घेणारा ते पुन्हा वेदीपुढे ठेवतो, पुन्हा बोली लागते. एकाच डांगराच्या तीन नोंदी कशा घालायच्या, हा प्रश्न कुठल्या परीक्षेत मला कुणी विचारला नव्हता. बाई आली होती. ओच्यात अंडी. नऊ होती, तिने मोजून माझ्या हातात दिली. मी म्हणालो, माय, तुला द्यायची गरज नाही, शास्त्रात तुझं नाव घेणाऱ्यांत आहे. तिला ते अजिबात आवडलं नाही. चारचौघांत आपण फुकट खाणाऱ्यांत मोडतो, असं मी म्हटल्यासारखं तिने घेतलं, आणि पावती मागितली. अंड्यांची.

मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांबद्दल पौल सांगतो, की त्यांनी ऐपतीच्या पलीकडे दिलं, आणि देऊ द्या म्हणून उलट विनवण्या केल्या. आता ती पावती बाईने स्वतःच्या नावाने स्वतः फाडून घेतली. तिच्या नावाने ती दुसऱ्या कुणी फाडणं वेगळं. मार्कातल्या विधवेच्या दोन टोल्यांबद्दलही मला हेच वाटतं. त्यावर संदेश होतो तो नेहमी तिच्या श्रद्धेवर. पण त्याच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडला आहे, आणि लगेच पुढे त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं सांगतो. मधली गोष्ट तेवढी कापून दानपेटीवर चिकटवली, की ती भलतंच बोलायला लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला ते बियाण्याचे उपदेशक. बाहेरून येतात, मंडप टाकतात, मोठा स्पीकर. अर्पण म्हणजे बी, पेरा, शंभरपट घ्या. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांनी लोकप्रिय केलेली ही शिकवण, आता पार चोपड्याच्या सभेपर्यंत पोचली आहे. मी यांच्यावर फार शब्द खर्च करणार नाही. एवढंच, की पेरणाराच्या ज्या वचनाचा ते आधार घेतात, ते पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना लिहिलं आहे, वक्त्यासाठी नव्हे. आणि खानदेशातल्या कपाशीवाल्याला बियाण्याची हमी देणं ही चेष्टाच आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली तेव्हा पाकीट बीटीचंच होतं.

उलट बाजूचा मोह जास्त बारीक असतो, आणि तो आमच्यासारख्या मध्यमवर्गीय ख्रिस्ती माणसांना होतो. सुईच्या नाकातून उंट जाण्याची गोष्ट निघाली, की कुणीतरी निवृत्त अधिकारी हमखास सांगतो: यरुशलेमेत त्या नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, उंटाने ओझं उतरवून गुडघे टेकले की जाता यायचं. ऐकायला फार गोड. पण असा दरवाजा होता याचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही. ही कल्पना येशूनंतर कित्येक शतकांनी टीकाकारांच्या लिखाणात उगवते. शिवाय दरवाजा असता तर शिष्यांनी इतकं घाबरून, मग तारण होणार तरी कुणाचं, असं विचारलंच नसतं. यापेक्षा अलेक्झांड्रियाचा क्लेमेंत बरा. सुमारे इसवी सन २०० मध्ये त्याने श्रीमंतांच्या तारणावर अख्खा प्रबंध लिहिला, की टाकायची ती धनाची आसक्ती, धन नव्हे. सगळ्यांनीच सगळं टाकलं तर उपाशी माणसाला जेवायला घालणार कोण? मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच की आसक्ती सुटली की नाही, हे रोजमेळात दिसत नाही, आणि ती सुटल्याचं सांगणारा सहसा आसक्तीचा मालकच असतो.

ज्यांनी खरोखर सगळं सोडलं त्यांचं काय? आपल्याकडे पहिलं नाव येतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला, आणि दोन वर्षांत, १९१९ मध्ये, गेले. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे. पण मी टिळक वाचतो ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून, कारण घरखर्च तिथे दिसतो. पैसा हाती आला की तो कुणाला तरी देऊन मोकळा होणारा नवरा, आणि उद्या चुलीवर काय चढवायचं या विवंचनेत असलेली बायको. ती हे हसत हसत लिहिते, म्हणून वाचणारा सुटतो. टिळकांच्या सोळाशे वर्षं आधीचा इजिप्तमधला अंतोनी आठवा. देवळात श्रीमंत तरुणाची गोष्ट कानावर पडली आणि त्याने वडिलार्जित तीनशे अरूरा जमीन गावाला देऊन टाकली. धाकट्या बहिणीसाठी थोडं राखलं होतं. पुढे उद्याची चिंता करू नका हे वचन ऐकलं आणि तेही वाटून टाकलं, बहिणीला व्रतस्थ बायांच्या हवाली केलं आणि वैराग्याच्या वाटेला लागला. अथनासियसने त्याचं चरित्र लिहिलं. बहिणीचं नावसुद्धा त्यात नाही. तिच्या वाट्याचा त्याग तिच्या नावाने कुणी जमा केला नाही.

म्हणून या बाबतीत मला पंडिता रमाबाई अधिक पटतात. त्यांनी स्वतःसाठी काही राखलं नाही, आणि तरी केडगावच्या मुक्तीत विहिरी होत्या, शेती होती, माग होते, छापखाना होता. दुष्काळातल्या मुलींना घेऊन आल्यावर निष्कांचन राहून भागत नाही, धान्याचं कोठार लागतं. त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं, ते त्याच छापखान्यातून. मालमत्ता भरपूर, फक्त पावती दुसऱ्यांच्या नावाने.

आता जागेचं. खानदेशातल्या मंडळ्यांत या विषयावर जेवढी वचनं खर्ची पडली असतील तेवढी प्रार्थनेवरही पडली नसतील. एका गावाचं सांगतो, नाव घेत नाही. शहर वाढत वाढत जुन्या मिशन कंपाउंडच्या भोवती आलं. बंगल्याची कौलं उडालेली, आवारात चिंच, एका कडेला जुन्या कबरी, आणि रस्त्याच्या बाजूला दुकानं निघतील अशी लांबलचक दर्शनी बाजू. एका बिल्डरने प्रस्ताव दिला. बैठक बोलावली. नोंदवहीत नावं असलेले विश्वस्त बहुतेक देवाघरी गेलेले, बदल अर्ज प्रलंबित. विकायचं झालंच तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागणार. मला बोलावलं होतं ते हे समजावून सांगायला. पण कलमापर्यंत गाडी येईचना.

एक तरुण अभियंता उठला आणि त्याने मत्तयातला रुप्यांचा दाखला घेतला: ज्याने एक तालांत जमिनीत पुरून ठेवला त्याला धन्याने काय म्हटलं? आपण शंभर वर्षं पुरूनच ठेवलं आहे. विकसित करा. भुसावळचे एक निवृत्त गार्ड, आवाज अजून फलाटावरचा, उभे राहिले. राजे पहिले, अध्याय एकवीस. अहाब राजा चांगली किंमत देत होता, बदली मळा देत होता, तरी नाबोथाने वाडवडिलांचं वतन दिलं नाही. जीव दिला. "आम्ही काय अहाबाच्या हवाली करायचं का?" तिसऱ्या पक्षाने मत्तयाचा सहावा अध्याय काढला: पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, कसर आणि जंग खाते, विका, आणि पैसे सुवार्तेला लावा. याला कुणीतरी जोड दिली, की पहिल्या मंडळीत लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवत. बर्णबाचं नाव निघालं.

मग मागच्या रांगेतली एक शिक्षिका बोलली. बायका या बैठकांत कमी बोलतात, म्हणून लोक गप्प झाले. ती म्हणाली, नाबोथाचा मळा त्याच्या बापाचा होता. बर्णबाचं शेत बर्णबाचं होतं. ही जागा आपल्यापैकी कुणाच्या बापाची आहे?

कुणी बोलेना. तेव्हा मी जुनी फाइल उघडली. जागा मिशनने विकत घेतली होती, दवाखाना, शाळा आणि उपासना या कारणांसाठी. पैसा तिकडच्या मंडळ्यांतून आलेल्या अर्पणांचा. म्हणजे ज्यांनी दिलं ते मेले, ज्यांच्यासाठी दिलं ते आजूबाजूच्या गावांतले आजारी आणि शाळेत न जाणारी पोरं, आणि मधे बैठकीत बसलेलो आम्ही, ज्यांचं नाव कागदावर ना देणाऱ्यांत ना घेणाऱ्यांत. राखणदारांत आहे. दुसऱ्याचं शेत विकून आजवर कुणी बर्णबा झालेला नाही, एवढं मी त्या दिवशी बोलून गेलो. अभियंत्याला ते लागलं. त्याचाही मुद्दा खोटा नव्हता. दवाखाना बंद पडून किती वर्षं झाली, आणि कौलं उडालेला बंगला राखून कुठल्या आजाऱ्याची सोय होते? त्या बैठकीत फक्त एक ठराव झाला: आधी हिशेब आणि विश्वस्तांची नावं अद्ययावत करायची. हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट मला अशा वेळी आठवते. पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो, की शेत तुमचंच होतं आणि विकल्यावर पैसाही तुमच्याच हाती होता. काही राखून ठेवणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. थोडं देऊन सगळं दिल्याची नोंद करणं हा होता. उलट पौल यरुशलेमची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही नीट दिसलं पाहिजे, असं कारण तो देतो. ऑडिटची याहून चांगली व्याख्या मला सनदी लेखापालांनी सांगितलेली नाही.

जमिनीबद्दलच्या वचनांत सगळ्यात ताजं वाचन मी ऐकलं ते मात्र एका भिल्ल सेवकाकडून. लेवीय पंचवीस: जमीन कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी ज्याची त्याला परत. शहरातल्या चर्चमध्ये हा अध्याय आत्मिक सुटकेचा दृष्टान्त म्हणून येतो. त्याला तो सातबाऱ्यासारखा दिसत होता. १९७२ च्या सुमारास शहाद्याला, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला. १९७४ मध्ये त्या परत देण्याचा कायदा झाला. सेवकाचं म्हणणं साधं होतं: मोशेचा कायदा आणि सरकारचा कायदा एकच बोलतात, आणि दोन्ही कागदावरच राहतात. त्याने हा संदेश जिथे दिला तिथे ऐकणाऱ्यांत एकही जमीन घेणारा नव्हता, सगळे गमावलेलेच होते. ही पावती योग्य पत्त्यावर पोचवायची कशी, हे त्यालाही माहीत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच विनोबांनी पुढे ख्रिस्तधर्माचंही सार काढलं, हे आमच्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. भूदानात ते मोठ्या जमीनदाराकडे सहावा हिस्सा मागत, पण दोन-चार गुंठेवाल्यानेही दिलं तर नाकारत नसत. अंड्यांची पावती मागणाऱ्या बाईला विनोबा बहुधा माझ्यापेक्षा लवकर समजले असते.

साक्रीकडच्या त्या मंडळीत सध्या एक नवीन वाद सुरू आहे आणि त्याला जबाबदार मीच. पाळकाशी बोलता बोलता मी अनुवादातला तिसऱ्या वर्षाचा नियम सुचवला: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, त्यातून आधी लेव्याचं, म्हणजे पाळकाचं, थकलेलं मानधन द्यायचं आणि उरलेला अनाथ, विधवा आणि परके यांच्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायचा. पंचांनी तत्त्वतः मान्य केलं. अनाथांची आणि विधवांची यादी अर्ध्या तासात झाली. त्या म्हातारीने नाव घालायला नकार दिला, ते कोरंच ठेवलं आहे. अडलं परक्यावर. दोन पंचांचं म्हणणं, परका म्हणजे दुसऱ्या गावाहून आलेला विश्वासणारा. पाळकाचं म्हणणं, मोशेने परक्याचा देव विचारलेला नाही. सातपुड्यातून केळी काढायला येतात, बागेच्या कडेला पालं टाकून राहतात, ते पावरा मजूर परकेच, ख्रिस्ती असोत की नसोत. खातं मी उघडून ठेवलं आहे. परक्याच्या रकान्यात कोण, हे ठरवायला बैठक आहे, कापणीच्या सणानंतरच्या रविवारी.